बघायची घंटा

कंपनीतल्या लोकांचा हुरूप कमी झालाय, हे कंपनीला एका सोमवारी कळलं. लोकांना ते बरीच वर्षं ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तेही कागदावर. 'सकाळी कामावर येताना तुम्हाला कसं वाटतं?' या प्रश्नाखाली ओळीने चेहरे काढलेले होते, अगदी खदखदून हसणाऱ्यापासून ते थेट रडक्यापर्यंत, आणि आपल्या चेहऱ्यावर खूण करायची होती. तक्रार विभागातल्या यच्चयावत मंडळींनी मधल्या, ना हसऱ्या ना रडक्या चेहऱ्यावर खूण केली. एकट्या सविनयरावांनी सगळ्या चेहऱ्यांखाली 'प्रसंगानुसार' असं लिहून खाली सही ठोकली.

सविनयराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पाण्याचे पंप बनवणाऱ्या या कंपनीत ते तक्रार विभागाचे प्रमुख. पंप पाणी ओढत नाही, पंप रात्रंदिवस घोरतो, पंप आमच्या टाकीतलं पाणी शेजाऱ्याला देतो, अशा तक्रारींना उत्तरं देण्यात त्यांची हयात गेली, आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात 'सविनय कळवण्यात येते की' अशी. त्यावरून हे नाव पडलं आणि इतकं चिकटलं की पगाराच्या पाकिटावर खरं नाव बघून ते स्वतःच क्षणभर दचकत. घरी बायको चिडली की तीसुद्धा 'सविनय कळवते हं' अशी सुरुवात करायची. मग समजायचं, आज धडगत नाही.

तर हुरूप. तो वाढवायला एक सल्लागारबाई आल्या. भल्या बाई होत्या, वाईट बोलून चालायचं नाही. फक्त त्या प्रत्येक वाक्यानंतर थांबून समोरच्याला समजलं का ते डोळ्यांत बघायच्या, त्यामुळे समजलेलं असलं तरी माणूस गोंधळायचा. त्यांचं म्हणणं असं, की जुने दिवस आठवले की माणसाला आपलेपणा वाटतो, आणि आपलेपणा वाटला की तो मन लावून काम करतो. तेव्हा हॉलमध्ये पाणी पिण्याच्या यंत्राशेजारी 'आठवणींचा कोपरा' करावा.

"तुम्हीच करा हे, सविनयराव," साहेब म्हणाले. साहेब वयाने तरुण, नूतनीकरणानंतर आलेले. "आपल्याकडे सगळ्यात जुने तुम्हीच."

"जुना म्हणजे? मलाच ठेवताय का कोपऱ्यात?"

"तसं नाही हो. अनुभवी."

'अनुभवी' या शब्दावर सविनयराव विरघळले. हीच त्यांची खोड. वेळ कधी मिळणार, कोण मदत करणार, काही न विचारता हो म्हणून बसले.

कोपऱ्यासाठी लोकांनी काय काय आणलं म्हणता! एकाने 'क' न उमटणारा टाइपरायटर आणला. एकाने जाळी नसलेला टेबलफॅन आणला, ज्याने पूर्वी एका हेडक्लार्कचा टाय गिळला होता. हिशेबाच्या बाईंनी सहलीचा फोटो आणला, त्यात तेव्हाचे मोठे साहेब होडीतून पाण्यात पडतायत आणि मागे सगळा विभाग अतिशय आनंदात दिसतोय. सल्लागारबाई म्हणाल्या, वा, किती आपलेपणा आहे यात.

पण सविनयरावांच्या डोक्यात घंटा होती.

ही घंटा म्हणजे पितळेची जाडजूड तबकडी, शाळेत असते तशी. जिन्यापाशी टांगलेली असायची. शिपाई लाकडी हातोडीने सकाळी वाजवायचा ती कोणी ऐकायचं नाही. पण पाचची घंटा! टोला पडला की अर्धं लिहिलेलं वाक्य अर्धं टाकून माणसं उठायची. एका तक्रारदाराला तर 'आपला पंप उद्यापर्यंत' एवढंच उत्तर गेलं होतं. आणि घरी पोचायचं ते उजेडात! सविनयराव आणि त्यांची बायको गॅलरीत दोन खुर्च्या टाकून चहा प्यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करायचे. संसारात एवढं सुख पुष्कळ झालं.

मग नूतनीकरण आलं. भिंती गेल्या, काचा आल्या आणि घंटा आधुनिक दिसत नाही म्हणून निघाली. त्या दिवसापासून या ऑफिसात दिवस संपेनासा झाला. म्हणजे ऑफिसची वेळ पाचचीच होती, कागदावर. पण पाच वाजले असं म्हणणार कोण? साहेब बसलेले असताना पहिलं उठायचं कोणी? साहेबांच्या केबिनचा दिवा जळत असायचा आणि हॉलमधली तमाम मंडळी संपलेलं काम पुन्हा पुन्हा तपासत त्या दिव्याकडे बघत बसायची. मधूनच साहेब दारातून मान काढून सगळीकडे नजर फिरवायचे. लगेच सगळे खाली माना घालून टकाटक कळा बडवायचे. साहेब पुन्हा आत जायचे. हे अंधार पडेपर्यंत, आणि त्यानंतरही.

"तुमचं तोंड मला आता फक्त ट्यूबलाइटमध्ये माहितीये," बायको म्हणायची. "रविवारी तर ते उशीत असतं."

गॅलरीतल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर तिने कुंडी ठेवली होती. सविनयरावांनी ती कुंडी बघितली होती. पण घंटा आठवली तशी त्यांना ती कुंडीही आठवली. घंटा शोधायचीच, असं त्यांनी ठरवलं.

भांडारपाल म्हणजे स्टोअरची किल्ली सांभाळणारा गृहस्थ. वस्तू देणं हा त्याला स्वतःचा पराभव वाटायचा.

"घंटा आहे," तो म्हणाला, "पण वापरात आहे."

"घंटा वापरात? कुठे?"

"गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर. झाकण उडू नये म्हणून."

सविनयराव गच्चीवर गेले. खरंच, काळवंडलेली, कावळ्यांनी मनसोक्त रंगवलेली त्यांची घंटा टाकीवर पालथी पडली होती. तिच्यावर एक कावळा बसला होता आणि तो उठायला तयार नव्हता. सविनयरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"नेतो मी ही."

"झाकण उडेल," भांडारपाल म्हणाला. "तेवढ्याच वजनाचं काहीतरी आणा, आणि ते तेवढ्याच वजनाचं आहे असं लिहून द्या."

"अहो, वीट ठेवा एखादी!"

"वीट बांधकाम विभागाकडे येते. त्यांच्याकडून मागणी काढावी लागेल."

पंप बनवणाऱ्या कंपनीला स्वतःच्या टाकीवर ठेवायला एक वीट मिळू नये! सविनयरावांनी तिथल्या तिथे मनातल्या मनात एक तक्रार लिहिली आणि तिला 'सविनय' उत्तरही देऊन टाकलं. सवय, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला लोखंडी खलबत्ता पिशवीत घातला.

"हे काय?" बायकोने दारात अडवलं. "माझ्या आईचा खलबत्ता घेऊन कुठे निघालात?"

"ऑफिसात."

"ऑफिसात काय कुटणार आहात?"

त्यांनी सगळं सांगितलं. घंटा, टाकी, कावळा. पाचच्या घंटेचं नाव निघालं तशी तिने दारावरचा हात काढला.

"वाजवणार आहात का ती? परत, पूर्वीसारखी?"

"ते काही ठरलेलं नाही. पण टांगली तर वाजेलच ना."

"मग खल ठेवा तिथे," ती म्हणाली. "पण बत्ता मला परत पाहिजे. आईचा आहे तो. टाकीवरनं गडगडत जायचा नाहीतर."

ऑफिसच्या फाटकावर रखवालदाराने पिशवी तपासली, बत्ता हातात घेऊन तोलला आणि सविनयरावांच्या तोंडाकडे बघितलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं. शेवटी 'खलबत्ता एक, ऑफिसच्या कामासाठी' अशी नोंद झाली तेव्हा कुठे सुटका. खल टाकीवर गेला. बत्ता घरी न्यायचा म्हणून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला आणि रोज न्यायला विसरले. घंटा मात्र त्याच संध्याकाळी, म्हणजे अर्थात अंधारात, घरी आली.

आता ती घासायची कशी? वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर न बोलावता आले. लिंबू आणि मीठ, ते म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, छे, राखच. इंजिनियर म्हणाले, राखेने चरे पडतात. काकू म्हणाल्या, माझ्या भांड्यांना कुठे पडलेत? इथून गोष्ट काकूंच्या भांड्यांवर, तिथून इंजिनियरांच्या बायकोकडे गेलेल्या आणि परत न आलेल्या एका पातेल्यावर गेली, आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. घंटा शेवटी दात घासायच्या पेस्टने घासली. लख्ख निघाली.

"आवाज तपासायला हवा," एवढ्या भांडणानंतरही जिन्यातच घुटमळणारे इंजिनियर म्हणाले. "आतून तडा असला तर कळतं."

म्हणून सविनयरावांनी रविवारी सकाळी ती गॅलरीत धरली आणि इंजिनियरांनी पान्याने एक टोला हाणला. आवाज असा निघाला की काय सांगावं. तडा नव्हता. पण सगळी इमारत आग लागली म्हणून खाली अंगणात धावली. काकूंनी पातेली वाचवली. तळमजल्यावरचे वकील घाईघाईत फक्त टीव्हीचा रिमोट घेऊन बाहेर पडले आणि नंतर बराच वेळ तो पाठीमागे लपवून उभे होते. इंजिनियर सगळ्यात पुढे होऊन म्हणाले, "मी यांना सांगत होतो, वाजवू नका म्हणून." सविनयरावांना सोसायटीची नोटीस आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं दिली, आता यांच्याविरुद्धच तक्रार! त्यांनी उत्तर लिहायला घेतलं आणि 'सविनय' लिहून खोडलं. का खोडलं, ते त्यांनाही नीट कळलं नाही. पण बरं वाटलं.

ऑफिसात सुताराने भिंत ठोकून बघितली. "ही भिंत नाही, साहेब. रंग दिलेला पुठ्ठा आहे."

"मग काचेवर?"

सुतार दुसऱ्या भिंती ठोकत पुढे निघाला. अख्ख्या नूतनीकृत हॉलमध्ये खिळा धरेल अशी एकच जुनी भिंत शिल्लक होती, आणि ती नेमकी साहेबांच्या केबिनच्या दाराशेजारी. कोपरा म्हणून हॉलच्या मध्यावर सरकला. टाइपरायटर हलवताना त्याचा 'ख' पण गेला.

उद्घाटन दुपारी जेवणानंतर होतं. सल्लागारबाईंनी आपलेपणावर भाषण केलं, प्रत्येक वाक्यानंतर थांबल्या, डोळ्यांत बघितलं. लोक जड डोळ्यांनी ऐकत होते. मग साहेब म्हणाले, "सविनयराव, एकदा वाजवून दाखवा बरं."

सविनयरावांनी लाकडी हातोडी उचलली आणि मनापासून टोला दिला.

पुढे जे झालं ते कोणी ठरवून केलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. हिशेबाच्या बाई टोल्यासरशी उठल्या. टाइपरायटरवाले उठले. टेबलफॅनवाल्यांनी संगणक बंद करून डबा काखोटीला मारला. कोणी विचार केला नाही, पायांनीच विचार केला. जुनी माणसं निघाली हे बघून नव्या पोरांनीही बॅगा उचलल्या, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग असेल. बघता बघता भर दुपारी अर्धं ऑफिस जिन्यात.

"अहो, कुठे निघालात?" साहेब मागे धावले.

"घंटा झाली ना," जिन्यातून हिशेबाच्या बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना भान आलं. सगळे परत आले. पण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की कागदावरच्या त्या हसऱ्या चेहऱ्याने लाजून खाली बघावं. एवढा हुरूप त्या हॉलने काचा लागल्यापासून बघितला नव्हता.

सल्लागारबाई गंभीर झाल्या. आठवण पाहिजे, पण इतकी नको, त्या म्हणाल्या. वरून फोन आला. आणि दुसऱ्या सकाळी आदेश निघाला, की घंटा ही केवळ पाहण्याची वस्तू आहे, ती वाजवू नये आणि हातोडी साहेबांच्या कपाटात जमा करावी. घंटेखाली एक सुबक पाटी लागली. 'कृपया वाजवू नये.'

हातोडी जमा करायला सविनयराव स्वतः गेले. कपाटाला कुलूप लागलं ते त्यांनी उभ्याने बघितलं. परत जागेवर येऊन बसले आणि आतून नुसते पेटले. बघायची घंटा! उद्या म्हणाल बघायचा चहा, बघायचा पगार! टाकीवर पडली होती तेव्हा निदान झाकण तरी धरून ठेवत होती. आता इथे कशाला, शोभेला? आणि मी कशाला? मीही तिच्यासारखाच, घासूनपुसून कोपऱ्यात उभा केलेला, तोंड उघडायचं नाही! नाही चालणार हे. अजिबात नाही चालणार.

बायकोने त्या सकाळीच विचारलं होतं, "मग, वाजली का?" आणि गॅलरीतल्या खुर्चीवरची कुंडी उचलून खाली ठेवली होती. आता त्या रिकाम्या खुर्चीला काय सांगायचं? सविनय कळवण्यात येते की?

पाच वाजले. कोणी हललं नाही. केबिनमधला दिवा जळत होता. साहेबांनी दारातून मान काढून सगळीकडे बघितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि कळा बडवल्या.

सविनयरावांनी खण उघडला. खणात बत्ता होता.

ते उठले. एवढ्या मोठ्या हॉलमधून, हातात सासूबाईंचा बत्ता घेऊन, ताठ मानेने चालत ते घंटेपाशी गेले. कोणीतरी हळूच म्हणालं, "सविनयराव, नको हो." नोकरी जाईल, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला. तो विचार तसाच घेऊन त्यांनी हात मागे नेला आणि त्या सुबक पाटीच्या बरोब्बर वर दणका हाणला.

लाकडाचा आवाज वेगळा आणि लोखंडाचा वेगळा. काचा थरथरल्या. पाटी गळून पडली. टेबलफॅन, जो गेली कित्येक वर्षं बंद होता, आपोआप अर्धा फिरला.

कोणी उठलं नाही. काल दुपारी पाय उठले होते, पण आता आदेश निघालेला होता. सगळे सविनयरावांकडे बघत होते आणि सविनयराव कोणाकडेही बघत नव्हते. त्यांनी बत्ता काखेत धरला, मोठ्याने, संपूर्ण हॉलला ऐकू जाईल असं "पाच वाजले" म्हणाले आणि चालू लागले. जिन्यात पोचल्यावर लक्षात आलं, डबा टेबलावरच राहिला. आता परत जायचं? मग त्या दणक्याला काय अर्थ राहिला! डबा गेला खड्ड्यात, म्हणून ते उतरत राहिले.

बाहेर ऊन होतं. रस्त्यावर चक्क ऊन होतं! लोक चालत होते, एक माणूस कुत्र्याशी भांडत होता, समोरच्या दुकानाची पाटी निळी होती. ती निळी आहे हे सविनयरावांना कधी माहीतच नव्हतं. ते तिथेच उभे राहिले. रडू येतंय की हसू, कळेना.

मागून जिन्यात आवाज झाला. आधी एक चप्पल, मग दोन, आणि मग सगळा जिना दणाणला. हिशेबाच्या बाई सगळ्यात पुढे, मागे टाइपरायटरवाले, त्यांच्यामागे नवी पोरं, यावेळी कार्यक्रम समजून नव्हे. आणि सगळ्यात शेवटी, एका हातात स्वतःची बॅग आणि दुसऱ्या हातात सविनयरावांचा डबा घेऊन, साहेब.

"हा राहिला होता," साहेब म्हणाले.

सविनयरावांनी डबा घेतला. आता बोलणी बसणार म्हणून छाती पुढे काढून उभे राहिले. "साहेब, मी माफी मागणार नाही. आधीच सांगतो."

"मागू नका." साहेबांनी उन्हाकडे बघून डोळे बारीक केले. "आई रोज विचारते, एवढं काय काम असतं रे तुला. काय सांगू? रोज बाहेर डोकावून बघतो, कोणी उठतंय का. तुम्ही सगळे मान खाली घालून कामात! एवढे लोक राबत असताना मी कसा उठणार?"

"म्हणजे तुम्ही आमच्यासाठी..." सविनयरावांनी वर केबिनच्या दिशेला बोट दाखवलं. "अहो, आम्ही तुमच्या दिव्याकडे बघत बसायचो!"

इतक्या वर्षांच्या संध्याकाळी! सविनयरावांनी डोक्याला हात मारून घेतला, आणि हातात डबा आहे हे विसरल्यामुळे तो चांगलाच लागला.

"पण आदेश मागे घेता येणार नाही," साहेब म्हणाले. "वरून आलाय. हातोडी कपाटातच राहील."

"राहू दे. बत्ता आहे."

"उद्या वाजवणार?"

"उद्या, परवा, रोज. काय करायचं ते करा."

"मग जरा जोरात वाजवा," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "माझ्या केबिनची काच जाड आहे." आणि ते आईकडे निघाले, जवळजवळ पळतच.

दार उघडलं तेव्हा बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, नोकरी गेली का?"

"नाही."

मग हात धरून तिने त्यांना गॅलरीत उजेडाकडे ओढलं.

"तुमचे केस पांढरे झालेत की हो!"

"केव्हाचेच."

"मग सांगायचं नाही का मला?" म्हणून तिने पदराला डोळे पुसले, लगेच चहा टाकला, आणि कप आणेपर्यंत समोरून जाणाऱ्या एका गृहस्थाच्या टोपीची पहिली टिंगलही करून झाली. दोन्ही खुर्च्या भरल्या.

"आणि आईचा बत्ता?" तिला आठवलं.

सविनयरावांनी काखेतून बत्ता काढून दाखवला, पण तिच्या हातात दिला नाही.

"हा आता मिळायचा नाही," ते म्हणाले. "हा नोकरीला लागला."